मधी घे म्हटलं तरी डावीकडंच का राहतंय? अलाइनमेंट आणि इंडेंटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात राहून मराठी वेबसाइटींचं काम करतोय, पतसंस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस, लग्नपत्रिका, दिवाळी अंकाची वेब आवृत्ती, गुळाच्या अडत दुकानाचं दरपत्रक, असलं सगळं. आणि राजारामपुरीतनं फोन येऊ दे नायतर लक्ष्मीपुरीतनं, प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणजे मजकूर सांगितला तिकडं सरकत नाही किंवा न सांगता सरकतोय. म्हणून एकदा सगळं बैजवार लिहून ठेवतोय. अलाइनमेंट म्हणजे मजकूर डावीकडं, मधी की उजवीकडं, आणि इंडेंट म्हणजे परिच्छेदाची पहिली ओळ किती आत. कोडमधली नावं आपण बोलतो तशी देवनागरीत लिहिलीत, फाइलमध्ये टाकताना इंग्रजी स्पेलिंगच टाकायचं.

एकाच परिच्छेदाला एका जागी डावं आणि दुसऱ्या जागी मधी सांगितलं, तर ब्राउझर कुणाचं ऐकतो?

एकाचंच ऐकतो, आणि पूर्ण ऐकतो. थोडं ह्याचं थोडं त्याचं असली तडजोड तो करत नाही. गंमत म्हणजे १९९४ साली होकॉन वियुम ली यांनी सर्न ह्या युरोपातल्या संशोधन संस्थेत असताना सीएसएसचा, म्हणजे पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या भाषेचा, पहिला प्रस्ताव मांडला तेव्हा त्यात प्रत्येक नियमापुढं टक्के लिहायची सोय होती, म्हणजे माझं म्हणणं ४० टक्के धरा, बाकीचं दुसऱ्याचं. पुढं ते मागं पडलं आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती आली ती एकच जिंकणार ह्या पद्धतीची. अलाइनमेंट सांगणारा टेक्स्ट-अलाइन आणि इंडेंट सांगणारा टेक्स्ट-इंडेंट हे दोन्ही गुणधर्म त्या पहिल्या आवृत्तीपासूनच आहेत.

आता जिंकतो कोण, तर आधी बघितलं जातं नियम आला कुठनं. ब्राउझरचे स्वतःचे नियम सगळ्यात खाली, त्याच्यावर वाचणाऱ्यानं स्वतः लावलेले, त्याच्यावर साइट बनवणाऱ्याचे. नियमाला इम्पॉर्टंट, म्हणजे हे आधी ऐक असा शेरा, लावला की ही उतरंड उलटी होते, वाचणाऱ्याचं इम्पॉर्टंट आपल्या इम्पॉर्टंटला भारी पडतं, आणि ते बरोबरच आहे कारण ज्याला नीट दिसत नाही त्याची सोय आपल्या डिझाइनपेक्षा मोठी. मग आपल्याच नियमांत भांडण असेल तर टॅगमध्येच, म्हणजे पानावरच्या त्या भागाच्या खुणेतच, स्टाइल म्हणून लिहिलेलं पहिलं, मग आयडीवाला (एकाच गोष्टीला दिलेलं नाव) नियम, मग क्लासवाला (अनेकांना दिलेलं गटाचं नाव), मग नुसत्या टॅगच्या नावाचा. वजनं मोजताना बेरीज करायची नसते हे लक्षात ठेवा, एका आयडीसमोर अकरा क्लास उभे केले तरी आयडीच जिंकतो. आणि एवढं करूनही बरोबरी झाली तर जो नियम नंतर लिहिलाय तो.

२०२२ पासून ब्राउझरमध्ये लेयर, म्हणजे नियमांचे वेगळे कप्पे, आलेत, त्यात टाकलेला नियम लेयरच्या बाहेरच्या साध्या नियमासमोर हरतो, मग आतल्या नियमाचं वजन कितीही असू दे. बाहेरची तयार थीम आधी लेयरमध्ये कोंडायची आणि आपलं बाहेर लिहायचं, हे मला फार आवडलंय.

मी सगळ्या पानाला इम्पॉर्टंट लावून सेंटर केलंय, तरी एक परिच्छेद डावीकडंच. असं कसं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि इथंच खरी मेख आहे, म्हणून जरा निवांत वाचा.

तुम्ही सेंटर लावलं बॉडीला, म्हणजे सगळं पान ज्याच्या आत असतं त्या टॅगला. परिच्छेदाला ते वारशानं मिळतं, म्हणजे घरातनं आलेलं. पण त्या परिच्छेदाला कुठंतरी थेट लेफ्ट असं लिहिलेलं असलं, भले ते सगळ्यात हलक्या नियमात असू दे, अगदी तारांकनवाला म्हणजे सगळ्यांना लागू असणारा शून्य वजनाचा नियम असू दे, तरी थेट लिहिलेलंच जिंकतं. कारण वारसा हा भांडणात उतरतच नाही. ब्राउझर आधी बघतो की ह्या परिच्छेदावर थेट कुठला नियम आहे का, असेल तर विषय संपला, नसेल तरच वरच्याकडं जाऊन विचारतो. बॉडीवरचं इम्पॉर्टंट हे बॉडीच्याच भांडणात कामाला येतं, खाली उतरताना नुसती किंमत उतरते, इम्पॉर्टंटचा जोर उतरत नाही.

त्यामुळं वरच्या डब्याला, म्हणजे परिच्छेद ज्याच्या आत आहे त्या टॅगला, आणखी वजन देत बसू नका. ज्या परिच्छेदात बिघडलंय त्यालाच थेट नियम द्या, किंवा तिथला नको असलेला नियम काढा. तिथं टेक्स्ट-अलाइनला इनहेरिट असं लिहिलं तरी चालतंय, मग तो मुद्दाम वरचंच घेतो.

क्लासमध्ये आधी डावा लिहिला मग मधला लिहिला, तर शेवटचा लागायला पाहिजे ना?

नाही. टॅगमध्ये क्लास कुठल्या क्रमानं लिहिले ह्याला काही अर्थ नाही, स्टाइलच्या फाइलमध्ये कुठला नियम खाली आहे ते बघितलं जातं. बूटस्ट्रॅप हा तयार नियमांचा संच वापरत असाल तर आणखी एक, त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून टेक्स्ट-सेंटरसारख्या क्लासना आतनंच इम्पॉर्टंट लावलेलं आहे, तुमचा साधा नियम तिथं टिकणार नाही.

सेंटर आणि इंडेंट दोन्ही एकदम लावले तर भांडण होतं का?

भांडण नाही होत, आणि हेच लोकांना पटत नाही. अलाइनमेंट आणि इंडेंट ही दोन वेगळी कामं आहेत, एकानं दुसऱ्याला हरवायचा प्रश्नच येत नाही, दोन्ही लागतात. ब्राउझर इंडेंटला पहिल्या ओळीच्या सुरुवातीची रिकामी जागा धरतो, आणि उरलेल्या जागेत अलाइनमेंट करतो.

आकड्यानं बघू. डबा ६०० पिक्सेलचा, पहिली ओळ ४०० पिक्सेलची, इंडेंट ४०. आता ४० गेले, राहिले ५६०, त्यात ४०० ची ओळ मधी बसवली की दोन्हीकडं ८० उरतात. म्हणजे ओळ डाव्या कडेपासून ४० अधिक ८०, १२० वर सुरू झाली. इंडेंट नसता तर १०० वर झाली असती. ओळ इंडेंटच्या बरोबर निम्म्यानं सरकली, म्हणून डोळ्याला नुसतं काहीतरी वाकडं वाटतं आणि नेमकं काय ते कळत नाही. पत्रिकेवर 'श्री गणेशाय नमः' जरा उजवीकडं गेल्यासारखं दिसलं की आधी इंडेंट बघा, नव्वद वेळा पॅडिंग, म्हणजे डब्याच्या आतली मोकळी जागा, बदलून काही होणार नाही.

राइट असेल तर ओळ उजव्या कडेला चिकटलेलीच राहते, इंडेंट दिसतच नाही, पण जागा खातोच, म्हणून पहिल्या ओळीतला शेवटचा शब्द खाली पडू शकतो. जस्टिफाय असेल तर इंडेंट सोडून उरलेल्या जागेत ओळ ताणली जाते, पुस्तकात असते तशी.

वर्डमधनं नोटीस पेस्ट केली की आमच्या साइटची सगळी शिस्त मोडते. का?

कारण वर्ड मजकुराबरोबर आपलं सामानही आणतं. प्रत्येक परिच्छेदाच्या टॅगमध्येच स्टाइल येते, जस्टिफाय, टेक्स्ट-इंडेंट ३६ पॉइंट वगैरे. ३६ पॉइंट म्हणजे अर्धा इंच, ब्राउझरच्या हिशेबात एक इंच म्हणजे ९६ पिक्सेल, म्हणजे हा ४८ पिक्सेलचा इंडेंट झाला, १६ च्या अक्षराला तीन अक्षरांएवढी जागा. फोनच्या अरुंद स्क्रीनवर ते लईच बोचतं. आणि टॅगमधली स्टाइल तुमच्या आयडीलाही भारी, त्यामुळं फाइलमध्ये कुठलाही साधा नियम लिहा, हलत नाही. क्रमांकाच्या यादीत तर डावा मार्जिन, म्हणजे डब्याबाहेरची जागा, ३६ आणि इंडेंट उणे १८ असली जोडी येते, मग कुणी नुसता मार्जिन शून्य केला की आकडे डब्याच्या बाहेर डावीकडं लटकतात.

एमएसओनं सुरू होणारे वर्डचे खास गुणधर्म मात्र ब्राउझर सोडून देतो, त्यांचा त्रास नाही, फक्त फाइल फुगते.

एकदा दिवाळी अंकाच्या कामात चाळीसएक कथा अशा पेस्ट झालेल्या होत्या, प्रत्येक लेखकाचा इंडेंट वेगळा, कुणी टॅब मारलेला, कुणी पाच स्पेस, कुणी वर्डचा रूलर ओढलेला. दोन रात्री बसून सगळी स्टाइल काढली आणि एकच नियम लावला, मग अंक एका हातानं जुळवल्यासारखा दिसायला लागला. तेव्हापासून मी पेस्ट करतानाच कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबतोय, नुसता मजकूर येतो. आधीचं काढणं शक्यच नसेल तर तेवढ्यापुरतं इम्पॉर्टंट लावा, टॅगमधल्या साध्या स्टाइलला ते हरवतं, पण ही मलमपट्टी आहे हे माहीत असू द्या.

मग स्पेस मारून इंडेंट केलं तर?

नको. सुरुवातीच्या साध्या स्पेस ब्राउझर गिळून टाकतो. न तुटणाऱ्या स्पेस टिकतात, पण जस्टिफाय ओळीत त्यासुद्धा ताणल्या जातात, म्हणून प्रत्येक परिच्छेदाचा इंडेंट वेगळा दिसतो.

टेक्स्ट-अलाइन मिडल लिहिलंय, काहीच होत नाही आणि एररही येत नाही.

मिडल अशी किंमतच नाही, सेंटर आहे. चुकीची किंमत दिसली की ब्राउझर ती ओळ गपगुमान टाकून देतो आणि आधी जे चालू होतं ते चालू ठेवतो. इंडेंटला नुसतं २० लिहिणं, एकक न लावता, ही दुसरी नेहमीची चूक. आणि ह्यात एक फसवी गोष्ट, पानाच्या डोक्यावर डॉकटाइपची ओळ नसेल तर ब्राउझर जुन्या पद्धतीच्या क्वर्क्स मोडमध्ये जातो, आणि तिथं एकक नसलेला इंडेंट पिक्सेल म्हणून चालतो. म्हणजे जुन्या पानावर चाललेलं कोड नव्या पानावर आणलं की बंद पडतं, आणि माणूस दिवसभर डोकं धरून बसतो.

इंडेंट मी लेखाला दिला होता, तो बटणात आणि तळटीपेत कसा काय घुसला?

इंडेंट वारशानं उतरतो म्हणून. लेखाच्या डब्याला दिला की आतल्या प्रत्येक ब्लॉकच्या पहिल्या ओळीला तो लागतो. इनलाइन-ब्लॉक केलेली लिंक, म्हणजे बटणासारखी रंगवलेली, तीसुद्धा स्वतःची पहिली ओळ असणारा डबाच, म्हणून तिच्यातला मजकूर उजवीकडं ढकलला जातो. अशा गोष्टींना टेक्स्ट-इंडेंट शून्य द्यायचं. खरंखुरं बटण आणि फॉर्मचे रकाने मात्र सुटतात, कारण ब्राउझरच्या स्वतःच्या नियमातच त्यांचा इंडेंट शून्यावर आणलेला असतो, तसंच टेबलचंही.

तळटीपेचं वेगळं आहे. लेखाचं अक्षर २० पिक्सेल आणि इंडेंट २ ईएम, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या दुप्पट, लिहिला तर ब्राउझर तिथल्या तिथं ४० पिक्सेल असा हिशेब करतो आणि खाली ४० च उतरवतो. तळटीपेचं अक्षर १२ चं असलं तरी तिला ४० च, म्हणजे तिच्या अक्षराच्या तिपटीहून जास्त. परिच्छेदाच्या टॅगलाच इंडेंट द्या, मग प्रत्येक जण आपापल्या अक्षरावरनं मोजतो. मी तर फक्त परिच्छेदामागनं येणाऱ्या परिच्छेदाला देतो, पी अधिक पी असा नियम लिहून. मग मथळ्याखालचा पहिला परिच्छेद कडेला सरळ राहतो आणि पुढचे आत जातात, छपाईत चांगले जुळारी करायचे तसं.

गुळाच्या दराचं टेबल आहे, दराचा कॉलम उजवीकडं पाहिजे. कॉल टॅगला, म्हणजे कॉलमच्या टॅगला, राइट दिलं, हलत नाही.

हलणार नाही. टेबलातला खण हा ओळीचा मुलगा असतो, कॉलमचा नाही, वारसा ओळीकडनं येतो. कॉलमवरनं बॉर्डर, पार्श्वभूमी, रुंदी आणि दिसणं-लपणं एवढंच चालतं. दराच्या खणांनाच, एनटीएच-चाइल्ड वापरून तिसरा म्हणा चौथा म्हणा, राइट द्या.

जुन्या पानात खणाच्या टॅगमध्येच अलाइन राइट लिहिलेलं असतं, ते आता कालबाह्य आहे पण ब्राउझर अजून मानतो, मात्र शून्य वजनानं. त्यामुळं तुमचा कुठलाही नियम त्याला हरवतो, टॅगमधल्या स्टाइलसारखं ते हट्टी नाही. आणि मथळ्याचा खण, टीएच, तो आपोआप मधी असतो पण कधी, तर वरच्या ओळीला कुणी अलाइनमेंट सांगितलेलं नसेल तेव्हाच. वर लेफ्ट लिहिलं की तोही डावीकडं येतो, ह्याच्यावर मला दोनतीनदा फोन आलेत की मथळे आपोआप सरकले.

मराठी मजकूर जस्टिफाय केला की शब्दांत भोकं पडतात. ब्राउझरची चूक आहे का?

चूक नाही, जागा कमी आहे. ब्राउझर शब्दांमधली जागाच ताणतो, आणि मराठीत 'कार्यकारिणीसदस्यांच्या' असले लांब शब्द येतात, ते ओळीत बसले नाहीत की सगळे खाली जातात आणि वर राहिलेल्या तीन शब्दांत मैदान पडतं. अक्षरांमधली जागा वाढवायचा नाद करू नका, शिरोरेषा तुटते, आणि तुटलेल्या शिरोरेषेचं मराठी वाचताना मला खरंच वाईट वाटतं. पानाची भाषा सांगणाऱ्या लँगमध्ये एमआर, म्हणजे मराठी, लिहा आणि हायफन्स ऑटो करून बघा, ब्राउझरकडं मराठीचे शब्द तोडायचे नियम असतील तर फरक पडतो. लँग नीट लिहिलं की चांगल्या फाँटमध्ये ल आणि श सुद्धा आपल्या वळणाचे येतात, हिंदीच्या नाहीत. फोनवर मात्र मी जस्टिफाय लावतच नाही. वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यातला सगळ्यात वरचा स्तरही मजकूर दोन्ही कडांना ताणू नका असंच सांगतो.

शेवटची ओळ ताणली जात नाही कारण तिच्यासाठी टेक्स्ट-अलाइन-लास्ट हा वेगळा गुणधर्म आहे. बीआर ह्या ओळ तोडायच्या टॅगनं तोडलेली प्रत्येक ओळही शेवटचीच धरली जाते.

अभंग टाकायचेत. ओळ मोठी झाली की खाली आलेला तुकडा आत सरकायला पाहिजे.

म्हणजे उलटा इंडेंट. डावं पॅडिंग २ ईएम आणि टेक्स्ट-इंडेंट उणे २ ईएम, पहिली ओळ कडेला येते आणि दुमडलेला भाग आत राहतो. पण सगळा अभंग एका परिच्छेदात बीआर मारून लिहिलेला असेल तर इंडेंट फक्त पहिल्याच ओळीला लागेल, बीआरनंतर तो पुन्हा लागत नाही. हँगिंग आणि ईच-लाइन असे दोन शब्द ह्याच कामासाठी आहेत, फायरफॉक्स आणि सफारीला ते कळतात. ज्याला कळत नाही तो ब्राउझर पूर्ण ओळच टाकून देतो, म्हणून प्रत्येक चरण वेगळ्या डब्यात ठेवून पॅडिंगची जुनी जोडी वापरणं मला खात्रीचं वाटतं. अशा डब्याला सेंटर कधीच लावू नका, उणे इंडेंटनं चरण निम्म्यानं डावीकडं सरकतो.

फोटोचा डबा मधी येत नाही, टेक्स्ट-अलाइन सेंटर दिलंय की!

ते ओळीतल्या मजकुराला मधी घेतं, रुंदी दिलेल्या ब्लॉकला नाही. त्याला डावं-उजवं मार्जिन ऑटो द्या. जुना सेंटर टॅग मात्र आतल्या डब्यांनाही मधी घ्यायचा, म्हणून तो काढून टेक्स्ट-अलाइन लावणाऱ्यांना वाटतं काहीतरी मोडलं. आणि डबा फ्लेक्स, म्हणजे आतल्या गोष्टी रांगेत मांडणारा, असेल तर तिथं जस्टिफाय-कंटेंट बघायचं.

पत्रिका मराठीत आणि उर्दूत, उर्दू डावीकडनं सुरू होतंय.

उर्दूच्या भागाला डीआयआर आरटीएल, म्हणजे दिशा उजवीकडनं डावीकडं, दिलं असेलच, पण वर कुठंतरी लेफ्ट लिहिलंय आणि ते वारशानं आलंय. लेफ्ट म्हणजे कुठल्याही लिपीत डावंच. त्याच्याऐवजी स्टार्ट लिहा, ते स्टार्ट म्हणूनच खाली उतरतं आणि प्रत्येक जण आपल्या दिशेनं त्याचा अर्थ लावतो, मराठीला डावं, उर्दूला उजवं. इंडेंटही मग उर्दूत उजवीकडनं मोजला जातो, वेगळं काही करावं लागत नाही.

फोनसाठी इंडेंट कमी केला, मीडिया क्वेरी बरोबर आहे, तरी मोठाच दिसतोय.

मीडिया क्वेरी म्हणजे स्क्रीन एवढ्या रुंदीची असेल तरच अशी अट, आणि तिला वजन नसतं. ती फक्त हा नियम आत्ता लागू आहे की नाही एवढंच ठरवते, लागू झाला की तो बाकीच्या नियमांसारखाच साधा नियम. तुम्ही ती फाइलच्या वरच्या भागात लिहिली असेल आणि मोठ्या इंडेंटचा नियम खाली, तर बरोबरीत खालचा जिंकला. मीडिया क्वेरी खाली न्या. तरी नाही झालं तर एफ-ट्वेल्व्ह दाबून परिच्छेदावर क्लिक करा, हरलेले नियम काट मारलेले दिसतात आणि वारशानं आलेले वेगळ्या गटात कुणाकडनं आले त्या नावासकट दिसतात. तिथल्याच कम्प्युटेड नावाच्या टॅबमध्ये जाऊन टेक्स्ट-इंडेंटपुढचा बाण उघडला की जिंकलेला नियम कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीत आहे तेसुद्धा लिहिलेलं असतं. मला फोन करायच्या आधी तेवढं बघून ठेवा, म्हणजे थेट त्या ओळीपासनं बोलता येईल.